हाताने चालवायची गाडी, पिवळा दिवा आणि तोरणमाळ

एका रविवारी जेवता जेवता आबा म्हणाले, तोरणमाळला आता चांगली थंडी पडली असेल. बस, तेवढंच. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना काही हवं असलं की ते मागत नाहीत, तिकडचं हवामान सांगतात. मी ताटातला भात संपवला आणि म्हटलं, जाऊ या, मी नेते. आबांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसतीच, ते मला कळलं नाही. या प्रवासात मला न कळलेल्या गोष्टींची सुरुवात तिथूनच झाली.

आबा एसटीत ड्रायव्हर होते. शहाद्याहून संध्याकाळी निघून तोरणमाळला मुक्काम करणारी गाडी त्यांनी बरीच वर्षं चालवली. मी तेव्हा शहाद्याच्या प्राथमिक शाळेत होते, आणि माझ्या डोक्यात तोरणमाळ म्हणजे आबा रात्री झोपायला जातात ते गाव. मी कधी तिथे गेले नाही. बसच्या पायऱ्या उंच, आणि पोलिओमुळे माझे दोन्ही पाय तेव्हापासूनच कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्यांत. पुढे माझ्या उपचारांसाठी सगळं घर नाशिकला आलं, आणि तोरणमाळ मागे राहिलं ते राहिलंच.

नवीन वाचकांसाठी गाडीबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. माझी गाडी छोटी, ऑटोमॅटिक आहे. स्टिअरिंगच्या बाजूला एक लिव्हर बसवून घेतला आहे. तो पुढे ढकलला की ब्रेक लागतो, खाली मांडीकडे दाबला की गाडी पळते. लिव्हरपासून दोन लोखंडी सळ्या खाली जातात, एक ब्रेकच्या पॅडलला आणि दुसरी अ‍ॅक्सिलरेटरच्या पॅडलला जोडलेली. पॅडल काढलेली नाहीत. म्हणजे पाय चालणारा माणूस माझ्या सीटवर बसून ही गाडी इतरांसारखी चालवू शकतो. मी ती पाच वर्षं हाताने चालवते आहे, शाळेत, बाजारात, एकदा थेट गोव्याला.

पण आबा माझ्या गाडीतून लांब कधी आले नव्हते. भाजीला, दवाखान्यात यायचे. गावाला जायचं म्हटलं की त्यांची पिशवी आणि बसस्टँड. मी विचारलं की म्हणायचे, बसची सवय आहे. मोतीबिंदूमुळे त्यांनी स्वतःचं लायसन्स पुन्हा काढलं नव्हतं, त्यामुळे शेजारी नुसतं बसून राहायचं त्यांना जमत नसेल, असं मी स्वतःला सांगत आले होते. खरं कारण मला ठाऊक आहे असंही वाटायचं. ज्याने आयुष्यभर घाटात बस चालवली, तो कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलीच्या हातात स्टिअरिंग देऊन कसा निवांत बसेल?

पुण्याच्या माझ्या धाकट्या भावाने फोनवर ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी सुचवली. घाट आहे ताई, असं तो दोनदा म्हणाला. मी हट्टाला पेटले. निघायच्या आधी गाडी सर्व्हिसिंगला टाकली, टायरची हवा बघितली, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि आबांना पुढच्या सीटवर बसवून सकाळी उजाडताच नाशिक सोडलं.

शेलबारी

आमचा रस्ता सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर, दहिवेल असा. धुळ्यावरूनही जाता येतं, तो रस्ता मोठा आणि सरळ आहे. मला हा आवडतो, कारण वाहतूक कमी आणि डाव्या हाताला बराच वेळ डोंगर सोबत असतात. सटाण्याला मिसळ खाल्ली. हॉटेलला दोनच पायऱ्या आणि धरायला कठडा आहे, कुबड्यांवाल्यांना जमण्यासारखं.

ताहाराबाद सोडल्यावर शेलबारीचा चढ लागतो. मोठा घाट नाही, पण रस्ता खडबडीत होता आणि पुढे कांद्याचा ट्रक. त्याला ओलांडायला मी लिव्हर खाली दाबला, आणि गाडीतला जीवच गेला. दाबत होते, पण गाडी ओढत नव्हती. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. कशीबशी कडेला घेतली.

आबांकडे बघितलं. ते समोर बघत होते. मी गाडी बंद केली, थोडं थांबून पुन्हा चालू केली. ओढ परत आली, दिवा मात्र तसाच. मी गाडीचं पुस्तक काढलं, त्यात त्या दिव्याचं चित्र होतं आणि शेजारी लिहिलं होतं की अधिकृत केंद्राशी संपर्क साधा. भावाला दिव्याचा फोटो पाठवला. त्याने ऑक्सिजन सेन्सर असं काहीतरी लिहिलं आणि शेवटी, मी सांगितलं होतं.

आबांना विचारलं, काय झालं असेल? ते म्हणाले, माहीत नाही. मला राग आला. तीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाला एक अंदाजसुद्धा करता येऊ नये?

पिंपळनेरपर्यंत दिवा होता. दहिवेलला चहा पिऊन पुन्हा बसलो तर नव्हता. कोंडाईबारीचा घाट इकडून जाताना उतरणीचा आहे, तो मी श्वास रोखून उतरले. दिवा लागला नाही. विसरवाडीला उजवीकडे वळून खांडबाऱ्याच्या रस्त्याला लागलो, तेव्हा मी जवळजवळ विसरले होते. नंदुरबारच्या अलीकडे एका खड्ड्यातून गाडी आपटत गेली आणि तो पुन्हा आला. या वेळी ओढ गेली नाही, नुसता दिवा. मग वाटलं की दिव्याचा आणि ओढीचा काही संबंधच नसेल.

हिवाळ्यात येणार असाल तर नंदुरबारच्या आजूबाजूला थांबा. मिरच्या वाळत घातलेल्या पथाऱ्या दूरवर लाल दिसतात. गाडीची काच खाली केली तर आधी शिंक येते, मग डोळ्यांत पाणी.

प्रकाशाला तापीच्या पुलाच्या अलीकडे आम्ही ऊस पिळणाऱ्याकडे थांबलो. मागून आलेला एक मोटारसायकलवाला मुद्दाम वळून माझ्या खिडकीशी आला. पांढरी टोपी, मागे खताची गोणी. त्याने चांगल्या मनाने सांगितलं, "ताई, ब्रेकवरला पाय काढी ल्या. मांगला लाल दिवा सारखा लागस."

माझा पाय ब्रेकवर असणं शक्यच नव्हतं. मी त्याला हसून हो म्हटलं आणि तो गेल्यावर आबांना म्हटलं, बाई चालवते आहे हे दिसलं की लोकांना शिकवायचं सुचतं. आबांनी उसाच्या रसाचा पेला संपवून खाली ठेवला आणि तोंड पुसलं. मला वाटलं, त्यांनाही तेच म्हणायचं असेल, की मी ब्रेक फार मारते.

शहादा

शहाद्यात आबांची धाकटी बहीण राहते, माझी शेवंता आत्या. तिच्या घरी तळमजल्यावर खोली आणि बाहेर सपाट अंगण, त्यामुळे मला अडचण नव्हती. ज्यांचं शहाद्यात कोणी नाही त्यांच्यासाठी बसस्टँडजवळ साधी लॉज आहेत, पण खोली घेण्याआधी जिने विचारून घ्या. रात्री कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर कच्चा कांदा. आत्याने माझ्या हाताकडे बघून विचारलं की हाताने एवढी लांब गाडी आणायची तर खांदा दुखत नाही का. दुखत होता. मी नाही म्हटलं.

सकाळी आत्याचा मुलगा नरेंद्र मला एका गॅरेजवर घेऊन गेला. नरेंद्र माझ्याच वयाचा, त्याची केळीची बाग आहे, आणि घरचे सगळे ट्रॅक्टर तोच सांभाळतो. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, बॅटरीच्या तारा हलवल्या, पेट्रोलचा वास घेतला. मग माझ्या सीटवर बसून तो आणि नरेंद्र एक मोठी फेरी मारून आले. मी आणि आबा एका टायरच्या दुकानासमोर खुर्च्यांवर बसलो होतो. समोरून उसाच्या ट्रॉल्या साखर कारखान्याकडे जात होत्या.

फेरीत दिवा लागला नाही. गाडी लोण्यासारखी चालते, असं गॅरेजवाला म्हणाला. पेट्रोलमध्ये पाणी आलं असेल, टाकी एकदा संपू द्या. नंतर नरेंद्रला बाजूला घेऊन काहीतरी म्हणाला. नरेंद्रने ते मला गाडीत बसल्यावर सांगितलं, आढेवेढे घेत. हाताचं यंत्र आहे, त्यामुळे कमीजास्त दाबलं जात असेल. गाडीत खोट नाही.

मी म्हटलं, मग घाटात ओढ का गेली? नरेंद्रने माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. त्याने हळूच विचारलं की तोरणमाळला त्याने चालवली तर चालेल का.

मी आबांकडे बघितलं. एक शब्द बोलले असते तरी मी नकार दिला असता, किंवा होकार. ते दुकानाची पाटी वाचत होते. मी किल्ली नरेंद्रला दिली.

तोरणमाळ

स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर बसायची माझी ती पहिलीच वेळ. म्हसावद, राणीपूर, मग शेतं संपतात आणि सातपुडा सुरू होतो. रस्ता अरुंद आहे पण बहुतेक ठिकाणी चांगला. राणीपूरनंतर पंपाच्या भरवशावर राहू नका, शहाद्यातच पेट्रोल भरा. काळापाणीच्या पुढे सातपायरीची वळणं लागतात. एकावर एक, खालचा रस्ता वरून दिसतो.

आणि आबा बोलायला लागले. आता वेग खाली घे. हॉर्न दे. वरून येणाऱ्याला आधी जाऊ दे. या वळणावर उजवीकडे माती सुटते. इथे धुकं आलं की कंडक्टर बॅटरी घेऊन पुढे चालायचा. नरेंद्र हो मामा, हो मामा म्हणत गाडी चढवत होता. मी मागे बसून ऐकत होते. नाशिकपासून शहाद्यापर्यंत माझ्या शेजारी या माणसाने रस्त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

दिवा लागला नाही. एवढा चढ, एवढी वळणं, एवढे धक्के, आणि समोरचं सगळं काळं, शांत. मी दोन सीटांच्या मधून वाकून बघत राहिले. तो लागावा असं मला वाटत होतं, हे इथे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटत होतं.

तोरणमाळ सुंदर आहे. यशवंत तलावाच्या काठापर्यंत गाडी जाते आणि गाडीत बसूनही पाणी दिसतं. सीताखाईचा कडा बघायला थोडं चालावं लागतं, जमीन ओबडधोबड आहे, कुबड्या टेकताना दगड बघून टेका. तिथे इथल्या आदिवासी पावरी बाया आमचूर विकत होत्या. एकीला मी मराठीत भाव विचारला, तिने पावरीत सांगितला, शेवटी आबांनी मोडक्या पावरीत व्यवहार केला. ती बाई त्यांच्याकडे निरखून बघत राहिली आणि मग शेजारणीला काही म्हणाली. आबा हसले. मी विचारलं, काय म्हणाली? तिच्या लहानपणी ती मुक्कामी गाडीने शहाद्याच्या बाजारात जायची, ड्रायव्हर असाच नाकेला होता म्हणते, असं त्यांनी सांगितलं. आबांनी तिला, तोच मी, असं सांगितलं की नाही, ते मला कळलं नाही. पावरी मला येत नाही.

जेवण एका घरगुती खाणावळीत, ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, ठेचा. तिघांचं मिळून शहरातल्या एकाच्या थाळीएवढंही झालं नाही. थंडी खरोखरच होती. आबांनी मफलर गुंडाळून तलावाकाठी बराच वेळ काढला, आणि मी गाडीला टेकून त्यांच्याकडे बघत माझ्याच हातांचा विचार करत होते.

पाच वर्षं मी चुकीचं दाबत असेन का? नरेंद्रने चालवली तर दिवा नाही, गॅरेजवाल्याने चालवली तर नाही. मी चालवली की लागतो. मी गणित शिकवते. यातून एकच उत्तर निघतं हे मला दिसत होतं, आणि तरी ते पटत नव्हतं. खांदा दुखतो म्हणून हात जड पडत असेल. वय झालं असेल. भावाचा मेसेज आला होता, परतीला धुळ्याहून एक ड्रायव्हर पाठवतो. मी उत्तर दिलं नाही.

विसरवाडी

संध्याकाळी नरेंद्रनेच गाडी शहाद्याला परत आणली. परतीच्या दिवशी सकाळी मी त्याला सांगितलं की चालवणार मीच. आत्याने डबा भरून दिला आणि आबांना विचारलं, "दादा, तू तिनासंगे जाई ऱ्हायना ना?" आबा म्हणाले, "मंग कोनासंगे जाऊ?" एवढं बोलून ते पुढच्या सीटवर बसले.

प्रकाशापर्यंत ठीक. नंदुरबार ओलांडलं. खांडबाऱ्याच्या पुढे एका चढावर दिवा लागला आणि ओढ गेली. बंद केली, चालू केली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. विसरवाडी आलं तेव्हा माझे तळवे घामाने ओले होते. इथून नाशिकला जायचं तर कोंडाईबारीचा घाट चढायचा. सुरतेकडून येणारे भरलेले ट्रक त्याच रस्त्याने चढतात. मधेच गाडीने दम सोडला आणि मागे ट्रक असला तर काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

विसरवाडी म्हणजे हायवेवरचा फाटा. ट्रक, बस, चहा, टायर, सगळं रस्त्याच्या कडेला. तिथे मला एका गॅरेजवर गाडीचा कॉम्प्युटर तपासून मिळेल अशी पाटी दिसली. मालक बिपीनभाई. जाडजूड, बोलघेवडे, स्वतःच्या मशीनवर भारी खूश. आसपास कोणाकडे असं मशीन नाही, हे त्यांनी आम्ही उतरायच्या आधीच सांगितलं. स्टिअरिंगखाली वायर जोडली, पडदा बघितला आणि निकाल दिला की दोन दोष दिसतात. एक काय आहे ते मशीनलाही सांगता येत नाही. दुसरा असा, की ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकाच वेळी दाबले जातात. तसं झालं की गाडीला वाटतं काहीतरी गडबड आहे, म्हणून ती आपण होऊन ताकद कमी करते आणि दिवा लावते.

"तुम्ही दोन्ही एकदम दाबता, बेन," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही दाबत. ते म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही. मी म्हटलं, मीही नाही.

मग त्यांनी तेच केलं जे सगळे करतात. माझ्या सीटवर बसून गाडी हायवेवर नेली, पायाने चालवली आणि हसत परत आले, काही झालं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी ते मिरचीवर ढकलावं तर मिरच्या नंदुरबारला राहिल्या होत्या. मी म्हटलं, बिपीनभाई, तुम्ही पाय वर घ्या आणि हाताने चालवून दाखवा. इथेच, गॅरेजच्या आवारात.

त्यांना गंमत वाटली. लिव्हर दाबला, गाडीने उडी घेतली. घाबरून पुढे ढकलला, गाडी जागच्या जागी थांबली आणि त्यांचं कपाळ स्टिअरिंगला लागायचं राहिलं. तीनदा तसंच. खाली उतरले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "हे मला नाही जमणार," ते म्हणाले. "तुम्ही चलावा. मी बाजूला बसतो."

नाशिकपासून तिथपर्यंत हे मला कोणीच म्हटलं नव्हतं.

खाली पायांपाशी काय होतं ते चालवताना कोणालाच दिसणार नव्हतं. म्हणून मी माझा फोन चिकटपट्टीने आत, पॅडलकडे तोंड करून बसवला आणि व्हिडिओ चालू केला. आबा मागे बसले, बिपीनभाई शेजारी मशीन मांडीवर घेऊन. खांडबाऱ्याच्या रस्त्याला गेलो, वळलो, चढावर मी लिव्हर पूर्ण खाली दाबला. दिवा लागला. ओढ गेली. बिपीनभाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी मांडीवर थाप मारली.

गॅरेजवर येऊन व्हिडिओ बघितला. आम्ही तिघं एका छोट्या पडद्यावर वाकलो होतो. लिव्हर थोडा खाली गेला की अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल खाली, बरोबर. लिव्हर पूर्ण खाली गेला, किंवा गाडी खड्ड्यात आपटली, की शेजारचं ब्रेकचं पॅडलही किंचित हलत होतं. अगदी किंचित. गाडी थांबावी एवढं नाही, पण मागचा लाल दिवा लागावा एवढं.

मला प्रकाशाचा तो मोटारसायकलवाला आठवला. त्याने खरं तेच सांगितलं होतं. फक्त ब्रेकवर पाय नव्हता.

बिपीनभाई बॅटरी घेऊन आत शिरले. ब्रेकची सळी एका नटबोल्टच्या पट्टीने घट्ट धरलेली असते. त्या पट्टीच्या वर सळीवर एक चकचकीत कडं दिसत होतं, धूळ आणि गंज नसलेलं. पट्टी पाच वर्षं तिथे होती. आता ती अर्धं बोट खाली सरकलेली होती, म्हणून सळीची मोकळी ढील संपून ती ब्रेकच्या पॅडलवर जवळजवळ दाबूनच राहिली होती. पायाने चालवणाऱ्याचा लिव्हर नुसता लोंबतो, त्याला काही होत नाही. हाताने जोर दिला की ती टोचते.

पट्टी कोणी सरकवली? सर्व्हिसिंगवाल्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं की आम्ही त्या भागाला हात लावत नाही. तो नट आपोआप ढिला झाला असेल का? बिपीनभाईंच्या मते नाही, पाना लावल्याची खूण आहे. गोव्याहून आल्यावर मी स्वतः ते कोणाला दाखवलं होतं का? आठवत नाही. आजही मला नक्की माहीत नाही.

पट्टी जुन्या जागी नेली. मग खात्री करायची तर मी लिव्हर दाबायचा आणि मागे उभं राहून कोणीतरी लाल दिवा बघायचा. आबा आपण होऊन गाडीच्या मागे गेले. डोळ्यांना अंधुक दिसतं, पण लाल दिवा दिसतो, म्हणाले. मी ब्रेक ढकलला. "लागना," मागून आवाज आला, म्हणजे लागला. सोडला. "बंद." मग लिव्हर खाली, पूर्ण, हलवून, झटका देऊन. बराच वेळ काही आवाज नाही. मी खिडकीतून डोकं काढलं. आबा दिव्यावर तळवा धरून, वाकून, उन्हाला आडोसा करून बघत होते. "नही लागत," ते म्हणाले. "आजून दाब."

बिपीनभाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले तेव्हा आम्ही आत्याचा डबा उघडला. मी आबांना विचारलं. नरेंद्रला सगळा घाट सांगत होता, मला का नाही सांगत? माझ्यावर भरवसा नाही का?

आबांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवला. त्यांना प्रश्नच कळला नाही असं आधी वाटलं.

"नरेंद्र पायवर चालावस. ते माले समजस," ते म्हणाले. "तुन्हं हातनं काम माले समजत नही. तुले काय सांगू?"

 एवढी वर्षं मी त्या शांततेचा एकच अर्थ लावला होता. तो खोटा निघाला याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला आधी गोंधळल्यासारखं झालं. मग बसने का जात होता, असंही विचारलं. ते म्हणाले, तिथे ड्रायव्हरला मध्येच काही सांगावंसं वाटलं तरी मी मागे बसलेला असतो, तुझ्या शेजारी बसून तोंड मिटून राहावं लागत नाही.

कोंडाईबारी

निघताना बिपीनभाईंनी सांगितलं की तो न कळलेला दोष अजून मशीनवर आहे आणि तो काय आहे ते देव जाणे. घाटात दिवा लागला तर लागला, कडेला घ्या.

घाट चढायला लागलो. पुढे एक कंटेनर, मागे दोन ट्रक. लिव्हर पूर्ण खाली. गाडी ओढत होती. मी दिव्याच्या जागेकडे बघत होते, आणि मधल्या एका वळणावर आबांनी विचारलं, हात दुखतो का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, वळणाच्या आधी सोड, वळणात दाबू नको, बाहेर पडताना दाब. हात असो की पाय, गाडीला तेवढंच कळतं. मग त्यांनी विचारलं, बरोबर आहे का? त्यांनी मला असं विचारलं होतं, याची मला खात्री करून घ्यावी लागली.

बरोबर होतं. पुढच्या वळणावर ते म्हणाले, आता सोड. त्याच्या पुढच्यावर, आता दाब. एकदा त्यांचं चुकलं, मी त्यांना तसं सांगितलं, त्यांनी ते मान्य केलं आणि दहिवेलपर्यंत आमचं दोघांचं सारखं काही ना काही चालू होतं. दिवा लागला नाही.

घरी

नाशिकला लिव्हर बसवून देणाऱ्याला सळी दाखवली. त्याने दोन्ही नट बदलले आणि पट्टीच्या जागी रंगाची खूण करून दिली. तुमची अशी गाडी असेल तर तुम्हीही करून घ्या, आणि सर्व्हिसिंगहून आली की आधी कोणाला तरी मागे उभं करून लाल दिवा बघा. पायाने चालवून बघणाऱ्याने गाडी ठीक आहे म्हटलं तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः चालवताना दाखवा.

त्यानंतर दिवा एकदाच लागला, कॉलेज रोडच्या सिग्नलला, आणि लगेच गेला. मशीनला न कळलेला तो दोष असेल. कोणालाच सांगता येत नाही. मी आता त्याच्याकडे बघते आणि चालवत राहते.

तोरणमाळमधून काय राहिलं म्हणाल तर मला अजून नीट सांगता येत नाही. आमचूर संपलं. फोटोत आबा तलावाकाठी उभे आहेत, पाठमोरे. पण परवा संध्याकाळी मी शाळेतून आले, गाडी खाली लावली आणि वर आले. किल्ली टेबलावर ठेवली होती, ती थोड्या वेळाने दिसेना. गॅलरीतून बघितलं तर आबा माझ्या सीटवर बसले होते. गाडी बंद. दोन्ही पाय त्यांनी उचलून सीटच्या कडेला, पॅडलपासून लांब ठेवले होते, आणि हाताने लिव्हर सावकाश खाली दाबत होते, सोडत होते, पुढे ढकलत होते.

खालच्या मजल्यावरचे काका तिथून चालले होते. त्यांनी वाकून विचारलं, आबा, काय करताय?

"शिकी ऱ्हायनू," आबा म्हणाले, आणि पुन्हा दाबला.